किरकोळ खर्च: शून्य

आरोग्य खात्याच्या जिल्हा कार्यालयात, तळमजल्यावर, एका खिडकीवर 'चौकशी' अशी पाटी होती. पूर्वी तिथे आल्यागेल्याला माहिती सांगणारे एक गृहस्थ बसत. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि लेखा शाखेला जागा अपुरी पडत होती म्हणून त्या खिडकीमागे एक टेबल सरकवण्यात आलं. त्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळे चौकशीबाई म्हणू लागले. पाटी दुसऱ्या खिडकीवर असती तरी बाईंना हेच नाव पडलं असतं, असं शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचं मत होतं.

ही चौकशीची सवय माहेरची. वडील नळजोडणीचं काम करायचे. एखाद्या घरी पाणी येईनासं झालं की ते नळाला हातही लावायचे नाहीत. थेट गच्चीवर टाकीपाशी जायचे आणि तिथून पाइप धरून खाली यायचे, मागे पान्हा घेऊन धाकटी मुलगी. पाणी कुठपर्यंत येतं आणि कुठून पुढे येत नाही, एवढंच शोधायचं असतं, बाकी सगळं पान्ह्याचं काम, असं ते म्हणत. मुलगी पुढे कॉमर्सला गेली, परीक्षा देऊन सरकारी नोकरीत लागली. पाण्याच्या जागी पैसा आला, एवढाच फरक.

नोकरीतलं काम सांगायला सोपं होतं. जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांची बिलं बाईंकडे यायची. त्यांनी ती तपासायची, बरोबर असतील तर पुढे पाठवायची, काही शंका असेल तर एक चिठ्ठी जोडून केंद्राकडे परत. शंका तर बाईंना भरपूर यायच्या. त्या चिठ्ठ्या त्या मन लावून, सुवाच्य अक्षरात लिहीत. जनतेचा पैसा आहे, विचारायलाच हवं, यावर त्यांची श्रद्धा होती आणि ती खोटी नव्हती.

काही वर्षांपूर्वी सरकारने आरोग्य केंद्रांतली फी रद्द केली होती. केसपेपर, तपासणी, बाळंतपण, सगळं सगळ्यांना मोफत. प्रत्येक केंद्राच्या दारावर तसा मोठा फलक लागला. पण त्या फीच्या चिल्लरीतूनच केंद्रात दिवा, झाडू, साबण, नळाचा वॉशर असलं सामान यायचं. ती तूट भरून काढायला सरकारने प्रत्येक केंद्राला थोडी आगाऊ रक्कम हातात दिली. तिच्यातून किरकोळ खर्च करायचा, बिलं पाठवायची, ऑफिस तेवढे पैसे पुन्हा भरून देणार. आगाऊ रक्कम कधी आटायचीच नाही. कागदावर या योजनेत खोट काढणं कठीण होतं.

पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक करायचे दिवस आले, तेव्हा मुख्य लेखापाल साहेबांनी सगळ्या केंद्रांचा एक तक्ता तयार केला. वरून फर्मान आलं होतं की जिथे खर्च कमी तिथे गरज कमी, तिथून पैसा आणि माणसं काढून जास्त खर्चाच्या ठिकाणी द्या. तक्त्यात सगळ्यात तळाला टेकडीपलीकडचं केंद्र होतं. त्याच्यापुढे साहेबांनी शिफारस लिहिली: रात्रीची प्रसूती सेवा बंद करावी, दोन नर्स शहरातल्या रुग्णालयात द्याव्यात. म्हणजे त्या बाजूच्या एखाद्या बाईला अपरात्री कळा सुरू झाल्या, तर तिने टेकडी ओलांडून शहर गाठायचं.

चौकशीबाईंना तक्ता टाइप करायला मिळाला. त्या शेवटच्या ओळीपाशी आल्या आणि थांबल्या. पगार, औषधं, विजेचं बिल, हे रकाने ठीक होते. किरकोळ खर्चाच्या रकान्यात शून्य होतं. मागच्या वर्षी शून्य, त्याच्या मागच्या वर्षी शून्य. थेट फी रद्द झाली तिथपर्यंत शून्यच.

त्या उठून साहेबांच्या टेबलापाशी गेल्या.

"साहेब, या केंद्रात चार वर्षांत एकही दिवा गेला नाही?"

"नसेल गेला."

"झाडू झिजला नाही?"

"बाई, तिथे पेशंटच नसतील. पेशंट नाही तर कचरा नाही, कचरा नाही तर झाडू कशाला झिजेल?"

साहेब विनोदाने बोलले होते, पण बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. खर्च कमी असता तर त्या गप्प बसल्या असत्या. पेशंट कमी, खर्च कमी, हे त्यांनाही पटण्यासारखं होतं. पण शून्य म्हणजे कमी नव्हे. रिकाम्या घरातसुद्धा वर्षाकाठी एखादी खिळाचूक लागतेच. एकदम शून्य दिसलं की वडील म्हणायचे, कोणीतरी कॉक बंद केलाय.

घरी त्यांनी हा विषय काढला. नवरा म्हणाला, ऑफिसची चौकशी ऑफिसातच ठेव. सासूबाई मात्र सरसावून बसल्या. त्यांना गुडघेदुखी होती आणि त्याहून मोठं दुखणं घरात बसून राहण्याचं होतं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की आपले गुडघे आता त्याच केंद्रात दाखवायचे. सूनबाईंनी रजा काढावी. सरकारी चौकशी म्हणून गेलात तर तुम्हाला काही दिसणार नाही, म्हाताऱ्या सासूला घेऊन गेलात तर सगळं दिसेल, हा त्यांचा युक्तिवाद. त्यात खोट काढणंही कठीण होतं.

बसमध्ये समोरच्या बाकावर एक बाई आणि तिची पोटुशी सून बसली होती. बाईच्या मांडीवरच्या पिशवीतून कपडे धुण्याच्या साबणाची वडी, ब्लिचिंग पावडरचा पुडा आणि कागदी वेष्टनातला एक नवा कोरा दिवा डोकावत होता. सासूबाईंना एवढं पुरेसं होतं. त्यांनी विचारलं, दुकान टाकताय की काय? ती बाई हसली. दवाखान्यात चाललोय म्हणाली, सुनेची तारीख जवळ आलीय.

"मग हे सामान?"

"न्यावं लागतं."

"मागतात?"

"छे, मागत कोणी नाही. पण न्यावं लागतं."

सासूबाईंनी सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाई खिडकीबाहेर पाहत होत्या, पण त्यांचे कान या बाकावरच होते.

केंद्राच्या फाटकाशी एक रखवालदार स्टूल टाकून बसला होता. त्याच्या डोक्यावर तो मोठा फलक: येथे सर्व उपचार मोफत. रखवालदार अगदी आपुलकीने म्हणाला, "या आजी. काय आणलंय?"

"गुडघे आणलेत," सासूबाई म्हणाल्या.

"ते बघतील आत. आणि?"

आणखी काही नाही म्हटल्यावर त्याने समजावून सांगितलं. काही आणलं नसेल तरी चालतं, आत सगळ्यांनाच तपासतात, कोणाला परत पाठवत नाहीत. पण रांगेत ज्याच्या हातात काही नसतं तो उगीच ओशाळतो, म्हणून आधीच विचारून घेतलेलं बरं. समोरच्या दुकानात सगळं मिळतं. मग त्याने मान वळवून रस्त्यापलीकडे हाक मारली, आज काय चाललंय रे? दुकानदाराने उत्तर दिलं की दिवे तीन येऊन गेले, आता फिनाइल द्या म्हणावं. म्हणजे केंद्रात कशाचा तुटवडा आहे, हे त्या दुकानदाराला जिल्हा कार्यालयापेक्षा जास्त माहीत होतं.

सासूबाईंनी फिनाइलची बाटली घेतली. गुडघे मोफत तपासायचे तर एवढं केलंच पाहिजे, असं त्या सुनेच्या कानाशी म्हणाल्या.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांचे 'नसलेले' पेशंट बाकांवर, पायऱ्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते. तरी सगळं स्वच्छ होतं. चौकशीबाईंचं लक्ष मात्र माणसांकडून वस्तूंकडे गेलं. एका पॅसेजमध्ये तीन दिवे, तिन्ही वेगळे: एक पिवळा, एक पांढरा, एक कुठल्याशा सजावटीतला निळसर. नळ एक पितळी, एक प्लॅस्टिकचा. बादल्या जितक्या तितके रंग. प्रसूतीच्या खोलीतल्या पलंगावर मोठ्या मोठ्या फुलांची चादर, शेजारच्यावर चौकटीची. कुठल्याही दोन वस्तू एकमेकींच्या बहिणी वाटत नव्हत्या. सरकारी खरेदी असती तर सगळं एका छापाचं असतं, हे बाईंना पक्कं ठाऊक. त्या भिंतीपाशी उभ्या राहून हळूहळू गोल फिरल्या आणि त्यांना शून्याचा अर्थ कळला. इथला किरकोळ खर्च शून्य नव्हता. तो पेशंटांच्या पिशव्यांतून येत होता.

पण मग सरकारने दिलेले पैसे गेले कुठे? याचं जे उत्तर पहिल्यांदा सुचतं तेच त्यांना सुचलं.

केंद्राच्या मुख्य सिस्टर गोल चेहऱ्याच्या, दोरी बांधलेला चष्मा लावणाऱ्या होत्या. त्यांच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती. सासूबाईंचे गुडघे दाबून झाल्यावर चौकशीबाईंनी आपण जिल्हा कार्यालयातून, लेखा शाखेतून आलो आहोत असं सांगितलं. सिस्टर उठल्या. कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं आणि एक जाडसर पाकीट आणून टेबलावर ठेवलं.

"मोजून घ्या."

"काय आहे हे?"

"आगाऊ रक्कम. आली तशी आहे. एक पै इकडची तिकडे नाही."

पाकिटावर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या, प्रत्येक सहीच्या वर तेच वाक्य: रक्कम मोजली, बरोबर आहे. त्यांतली एक सही चौकशीबाईंच्या साहेबांची होती. बाईंनी नोटा मोजल्या नाहीत. त्या पाकिटाकडे बघतच राहिल्या. चोरी झाली असेल असं त्या धरून चालल्या होत्या, आणि इथे तर पैशाला कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"सिस्टर, हे खर्च करायला दिलेत."

"माहीत आहे. पत्र वाचलंय मी."

"मग?"

सिस्टरनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि त्यात रडगाणं नव्हतं. फी होती त्या काळात त्या इथेच धाकट्या नर्स होत्या. तेव्हाच्या मुख्य सिस्टरनी पंप बिघडला म्हणून फीच्या पैशातून पाण्याचा टँकर मागवला, पावती घ्यायची राहिली, आणि दुसऱ्याच दिवशी तपासणी आली. पैसे कमी भरले. त्या बाई निलंबित झाल्या. पाणी सगळ्या वॉर्डाने प्यायलं, पण ते कोणी मोजलं नाही, नोटा मोजल्या. तेव्हापासून कानाला खडा. तपासणीला येणारा माणूस पाकीट मोजतो, वॉर्ड मोजत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"पण आता बिल पाठवलं की पैसे परत मिळतात," चौकशीबाई म्हणाल्या.

"असं म्हणतात खरं." सिस्टर किंचित हसल्या. "पुढच्या केंद्रातली माझी मैत्रीण आहे. तिने पहिल्याच वर्षी ते पैसे खर्च केले. अगदी पावत्याबिवत्या जोडून. बिल गेलं आणि परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा परत. तुमच्या ऑफिसात म्हणे कोणी एक बाई आहे. फिनाइलच्या दोन बाटल्या कशाला लागल्या, एकीत का भागलं नाही, असं लिहून विचारते. माझ्या मैत्रिणीने वर्षभर पगारातून झाडू आणले. मी म्हटलं, बाई गं, आपलं पाकीट आपल्या कपाटात बरं. लोक चांगले आहेत, आणतात काही ना काही."

मग सासूबाई, गुडघ्याला मलम चोळत, शांतपणे म्हणाल्या, "हीच ती."

सिस्टरनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चौकशीबाईंना पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. बाईंना वाटलं होतं आता ऐकून घ्यावं लागणार. पण सिस्टरच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होतं. त्यांनी विचारलं, "खरंच सांगा हं. फिनाइलचं एवढं काय होतं?"

बाईंना आठवत होतं ते एवढंच की तो प्रश्न लिहिताना त्यांना छान वाटलं होतं.

परतीच्या बसमध्ये, टेकडीच्या वळणांवर, बाईंनी मनाशी सगळा पाइप टाकीपासून तपासला. सरकारने पैसे सोडले. जिल्ह्याला आले. केंद्रापर्यंत पोचले. पाकिटात थांबले. पाकिटातून निघाले नाहीत, कारण परत भरले जाण्याची खात्री नव्हती. खात्री नव्हती, कारण एका खिडकीमागे एक बाई चिठ्ठ्या लिहीत बसली होती. आणि खर्च दिसत नाही म्हणून आता ती रात्रीची बाळंतपणाची खोलीच बंद होणार होती. कॉक कोणी बंद केला हे कळलं होतं. फक्त तो असा आपल्याच हाताखाली सापडेल असं वाटलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "तोंड कशाला पाडतेस? शोधायला गेलीस, सापडलं."

अंदाजपत्रकाची बैठक जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या खोलीत होती. त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. साहेबांनी तक्ता वाचला आणि शेवटच्या ओळीशी आल्यावर चौकशीबाईंनी हात वर केला. त्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं, दिव्यांच्या रंगांसकट. आपण वर कळवतो की इथे सगळं मोफत आहे, त्या म्हणाल्या, आणि पेशंट घरून फिनाइल घेऊन येतात. त्यांनी खिशातून भरलेला खर्च आपल्या कुठल्याच रकान्यात येत नाही. तो आला असता तर हे केंद्र तक्त्यात तळाला नसतं.

साहेब वाईट माणूस नव्हते आणि त्यांचा मुद्दाही लेचापेचा नव्हता. ते म्हणाले, बाई म्हणतात ते खरं असेल, पण त्याचा एकही कागद नाही. लोकांच्या पिशव्या बघून मी अंदाजपत्रक करायचं का? आणि खरं बघितलं तर चूक त्या सिस्टरची आहे. पैसे दिले होते, खर्चाचा अधिकार दिला होता. त्यांनी वापरला नाही याला आपण काय करणार?

याचं उत्तर बाईंनी बरोबर आणलं होतं. पुढच्या केंद्राची ती परत गेलेली बिलं तिथून मागवून, त्यांना जोडलेल्या चिठ्ठ्यांसकट, त्यांनी मॅडमच्या पुढे ठेवली. साहेब खाली वाकून हळूच म्हणाले, अहो, यावर तुमचीच सही आहे.

"म्हणूनच आणलंय," बाई म्हणाल्या. "ज्यांनी अधिकार वापरला त्यांचं काय झालं ते यात आहे. ते बघून टेकडीपलीकडच्या सिस्टरनी पाकीट उघडलं नाही."

मॅडमनी पहिली चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली. तिसरी त्यांनी मोठ्याने वाचली. टेबलाभोवती हसू पसरलं आणि चौकशीबाईंचे कान तापले. त्या उठून गेल्या नाहीत. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं, आणि म्हणाले की ते पाकीट आपणही मोजलं आहे, दुपारनंतर जाऊन, वॉर्डात न डोकावता. रक्कम पूर्ण भरली म्हणून त्या दिवशी सिस्टरना शाबासकी दिली होती. इतकी वर्षं पूर्ण कशी, असं मनातही आलं नाही.

मॅडमनी थोडा विचार करून निर्णय दिला. शेवटची ओळ खोडायची नाही आणि अमलातही आणायची नाही. सहा महिन्यांनी आढावा होईल, तोवर रात्रीची खोली चालू राहील. पण तोवर त्या केंद्राचा खरा खर्च कागदावर दिसला पाहिजे. पाकिटातल्या पैशांचा खर्च झाला पाहिजे आणि परतही मिळाला पाहिजे. नाहीतर वरच्यांना सांगायला माझ्याकडेही शून्यच असेल, त्या म्हणाल्या. बिलं आठवड्याच्या आत मंजूर करायची जबाबदारी चौकशीबाईंची. शंका आली तर फोन उचलायचा, बिल परत पाठवायचं नाही.

बैठक संपल्यावर साहेब बाईंना म्हणाले, घोंगडं गळ्यात घेतलंत. बाईंनाही तसंच वाटत होतं.

पाकीट उघडणं हे सगळ्यात अवघड काम निघालं. चौकशीबाई मुद्दाम पुन्हा केंद्रात गेल्या. सिस्टर त्यांच्याबरोबर समोरच्या दुकानापर्यंत आल्या, पण पाकीट पोटाशी धरून उभ्या राहिल्या. आधी निम्मे खर्च करू, निम्मे तपासणीला राहू देत, अशी त्यांनी घासाघीस केली. चौकशीबाई म्हणाल्या, निम्मे राहिले तर निम्मी भीतीही राहील. सगळे खर्च करा.

"आणि परत नाही आले तर?"

"तर मी इथे येऊन उभी राहीन."

"तुम्ही उभ्या राहून काय उजेड पडणार आहे?" सिस्टर म्हणाल्या. दुकानदार हसला आणि त्या हशात पहिली नोट गल्ल्यावर आली. मग अडचण आली ती पावतीची. त्या दुकानदाराने आजवर सगळं सुटं विकलेलं, त्याच्याकडे छापील पावतीपुस्तकच नव्हतं. तो कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून द्यायला तयार होता. चौकशीबाईंनी डोळे मिटून घेतले आणि त्याला पावतीपुस्तक छापून आणायला पाठवलं. तेवढे दिवस सामान आणि नोटा दोन्ही गल्ल्यावर थांबले.

शेवटी दिवे आले, सगळे एकाच रंगाचे. नळ आले, फिनाइल आलं, बाळंतिणीच्या पलंगांसाठी रबरी चादरी आल्या. बसमधल्या त्या बाईची सून त्याच आठवड्यात, पहाटेच्या सुमारास, तिथेच बाळंत झाली. ती बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा घेऊन आली. सिस्टरनी तो घेतला नाही, तर तिचा चेहरा पडला. तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. दिवा घेत नाहीत म्हणजे पोराला इंजेक्शन देणार नाहीत की काय, असं तिने रखवालदाराला विचारलं. मोफत या शब्दावर विश्वास बसायला फलक पुरत नाही, हे सिस्टरना त्या दिवशी उमगलं. त्या बाईला समजावता समजावता त्यांचा सकाळचा चहा निवून गेला.

बिल आलं. चौकशीबाईंनी ते त्याच दिवशी मंजूर केलं. एका ओळीवर त्यांचा हात अडखळला, त्यांनी फोन उचलला, सिस्टरनी दोन वाक्यांत सांगितलं, विषय संपला. आठवडा कशाला, एका दिवसात काम झालं म्हणून त्या खुशीत होत्या. पण बिल पुढे कोषागारात गेलं आणि तिथे बसलं. या तिमाहीचा हप्ता वरून सुटलेला नाही, असं तिथला कारकून म्हणाला. कधी सुटेल, तर सुटला की.

पाकीट रिकामं झालं होतं. सिस्टर रोज दुपारी फोन करू लागल्या. पैशांचं नाव काढत नसत. सहज केला होता म्हणत, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत विचारत. बाई सांगत, बरे आहेत. मग, ठेवते हं. एका दुपारी सिस्टर म्हणाल्या की आज एकाने साबण आणला होता, घेतला मी.

दुसऱ्या दिवसापासून बाई कोषागारात जाऊन बसू लागल्या. आपल्याच खिडकीसारखी खिडकी, फक्त या वेळी त्या दुसऱ्या बाजूला होत्या. कारकुनाशी भांडून काही होणार नव्हतं, त्याच्या हातात काही नव्हतंच. म्हणून त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. हप्ता कोणाच्या सहीने सुटतो? ती सही कशासाठी थांबलीय? कुठल्या कागदासाठी? तो कागद कोणी द्यायचा? चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळालं की तो जिल्ह्याने द्यायचा असतो, मागच्या हप्त्याच्या विनियोगाचा, म्हणजे तो कशावर खर्च झाला त्याचा, दाखला, आणि जिल्ह्याने तो अजून दिलेला नाही. जिल्हा म्हणजे त्यांचंच ऑफिस. दाखला साहेबांच्या टेबलावर होता, तक्त्यांच्या ढिगाखाली. तो सापडला तेव्हा साहेबांनी कपाळाला हात लावला आणि उभ्या उभ्या सही केली. बाईंनी तो स्वतः नेऊन दिला.

पैसे जमा झाल्याचा फोन आला तेव्हा आढाव्याला अजून अवकाश होता. सिस्टर बँकेत एकट्या जायला तयार नव्हत्या, म्हणून चौकशीबाई गेल्या. काउंटरवर सिस्टरनी नोटा एकदा मोजल्या. बाजूला जाऊन पुन्हा मोजल्या. रक्कम तीच होती, गेली होती तेवढीच, एक पै कमी नाही. त्यांनी नोटा नव्या पाकिटात घातल्या, पाकीट पिशवीत, पिशवी काखेत, आणि बँकेच्या बाकावर बसून राहिल्या.

"आलेच की हो," त्या म्हणाल्या.

"आले."

"आता हेही खर्चायचे?"

"हेही."

इतकी वर्षं सिस्टरनी जे मोडेल तेच बदलायचा विचार केला होता. काय हवं असा विचार करायची सवयच उरली नव्हती, आणि आता तो कुठून सुरू करावा ते त्या शोधत असाव्यात. मग हळूच म्हणाल्या, "त्या रात्रीच्या खोलीत दोन पलंगांच्या मधे पडदा नाहीये. एकीला तपासताना दुसरी बिचारी भिंतीकडे तोंड करून पडते. पडदा मोडलेला नव्हता ना, तो नव्हताच. म्हणून कधी मागायचं सुचलं नाही. घेऊ का?"

चौकशीबाईंनी विचारलं, "कुठल्या रंगाचा?"